नाशिकहून स्वतःच्या गाडीने मनाली-सिस्सू, ऐन बर्फात: काच, वायपर आणि बर्फातलं ड्रायव्हिंग

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकहून गाडी घेऊन मनालीला, आणि रस्ता उघडा असला तर अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूपर्यंत जायचं ठरतंय. सोबत बायको, मुलगी आणि माझी आई. गाडी डिझेल आहे, पुढच्या चाकांवर चालणारी. आग्रा रोडने इंदूर, पुढे ग्वाल्हेर, दिल्ली, चंडीगढ असा बेत. लांबच्या ड्रायव्हिंगची सवय आहे. कसारा घाट, वणीचा नांदुरी घाट, श्रावणात त्र्यंबकच्या वाटेवरचं धुकं, हे सगळं हातातलं आहे. बर्फात मात्र गाडी कधी घातलेली नाही, आणि आई सोबत असताना तिथे पोचल्यावर शिकायची माझी तयारी नाही. म्हणून आधीच विचारतोय.

मुख्य प्रश्न काचेचा. रात्री गाडी हॉटेलबाहेर उघड्यावर राहणार, सकाळी पुढची काच गोठलेली असणार. ओळखीतले एक जण म्हणाले, बादलीभर गरम पाणी मागायचं आणि ओतायचं, दोन मिनिटांत काम होतं. दुसरे म्हणाले, हे चुकूनही करू नका. वायपर रात्री उचलून ठेवायचे की नाही, यावरही दोन मतं ऐकली. शिवाय बर्फात पकड मिळावी म्हणून चाकांवर चढवतात त्या चेन इथून न्यायच्या की तिथे भाड्याने मिळतात? सविस्तर लिहा, घाई नाही.

एक राहिलं. काचेवर डाव्या बाजूला खडी उडून पडलेला बारीक टवका आहे, हरभऱ्याच्या डाळीएवढा. तसाच चालेल का?

अंबडचा_मिस्त्री

भाऊ, गरम पाणी अजिबात नको. काच असते उणे पाचला, पाणी असतं पन्नास-साठ अंशांचं. पाणी पडतं तिथली काच क्षणात फुगायला बघते आणि शेजारची गारच राहते. हा ताण काच सहन करत नाही. पुढची काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. त्यामुळे ती फुटून अंगावर येत नाही, पण तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. तुमच्या काचेवर टवका आहे म्हणजे तडा कुठून सुरू होणार हेही ठरलेलं आहे. समजा नाही गेला तडा, तरी ते पाणी ओघळून बॉनेटच्या कडेला, वायपरच्या बुडाशी जाऊन साचतं आणि तिथे पुन्हा गोठतं. मग वायपर जाम.

आता मुख्य गोष्ट. बर्फाची भीती सगळ्यांना रस्त्याची वाटते. माझ्याकडे तिकडून परत आलेल्या गाड्यांचं दुखणं बहुतेक वेळा इथून भरून नेलेल्या पाण्याचं असतं. नाशिकची गाडी नाशिकचं पाणी पोटात घेऊन जाते, आणि तिथे तेच गोठतं. कुठे कुठे असतं ते सांगतो.

पहिलं, वॉशरची टाकी. आपल्याकडे सगळे नळाचं पाणी आणि त्यात थोडा शाम्पू घालतात. हे शून्याखाली गोठतं. टाकीत गोठतं, नळीत गोठतं, आणि बॉनेटवरच्या त्या सुईएवढ्या भोकात तर सगळ्यात आधी. मग चालकाने कळ ओढली की पंप गोठलेल्या पाण्याशी झगडतो आणि जळतो. निघायच्या आधी टाकी पूर्ण रिकामी करा. उणे तापमानाला चालणारं वॉशर लिक्विड मिळतं, ऑनलाइन मागवा, डबीवर किती अंशांपर्यंत चालतं ते लिहिलेलं असतं. ते नाहीच मिळालं तर ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि शुद्ध पाणी दोन भाग, हे साधारण उणे पंधरापर्यंत टिकतं. मिसळताना जवळपास विडी-काडी नको, बंद खोलीतही नको, ते पेट घेतं. भरल्यावर कळ ओढून ठेवा. आधी जुनं पाणी येईल, मग अल्कोहोलचा वास येईल. वास आला म्हणजे नळीतलंही बदललं. ही शेवटची पायरी बहुतेक जण करत नाहीत आणि नळी गोठते.

काही जण वॉशरमध्ये कूलंट ओततात. करू नका. काचेवर तेलकट पडदा धरतो, रात्री समोरच्या गाडीचा दिवा पडला की काहीच दिसत नाही.

दुसरं, रेडिएटर. उन्हाळ्यात गाडी तापली म्हणून कोणीतरी बाटलीतलं पाणी वर घातलेलं असतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उणे पस्तीसच्या आसपासपर्यंत गोठत नाही. पाणी वाढत गेलं की ही ताकद झपाट्याने कमी होते. इंजिनात पाणी गोठून ब्लॉकला तडा गेला तर काचेचा खर्च त्यापुढे किरकोळ. तपासायचं साधं उपकरण असतं, कूलंटचा एक थेंब टाकून अंश वाचता येतात. कुठल्याही नीट गॅरेजमध्ये करून घ्या.

तिसरं, डिझेल. नाशिकचं डिझेल घेऊन थेट थंडीत गेलात तर त्यातलं मेण घट्ट होऊन फिल्टर चोंदतो. टाकी अशी रिकामी होत न्या की कुल्लू-मनालीला पोचल्यावर तिथलं डिझेल भरता येईल. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं, ते याच कारणाने. गाडीला युरियाची (धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या द्रावणाची) टाकी असेल तर तेही उणे अकराला गोठतं. गाडीची त्यासाठी आत सोय असते, पण डिकीत जादा कॅन ठेवणार असाल तर रात्री तो खोलीत न्या.

टवक्याचं वेगळं लिहितो, आता एक गाडी उभी आहे.

पंचवटी_ते_मॉन्ट्रियल

मिस्त्रीदादांना शंभर टक्के अनुमोदन. मी मूळची पंचवटीची, बरीच वर्षं मॉन्ट्रियलला आहे. इथे आमच्या रोजच्या जगण्यातली गोष्ट म्हणून सांगते.

सकाळी आधी गाडी सुरू करा. ब्लोअरची दिशा काचेवर, हवा बाहेरून आत येणारी, आणि तापमान एकदम कडक न करता हळूहळू वाढवा. टवका असेल तर हे जास्तच पाळा. काच आतून कोमट होईपर्यंत तुम्ही बाहेरून मऊ ब्रशने भुसभुशीत बर्फ झाडा, मग प्लास्टिकच्या खरवडणीने चिकटलेला थर काढा. खरवडणी तिरपी धरून एका दिशेने ढकलायची, गोल गोल घासायची नाही. उलथनं, स्टीलची पट्टी, चावी यांतलं काहीही काचेला लावू नका. आणि झाडण्याआधी खरवडू नका. आग्रा रोडची धूळ काचेवर बसलेली असते, ती बर्फाखाली असते, आणि खरवडणीबरोबर काचेवर फिरते. ते ओरखडे नंतर उन्हात चमकतात. बर्फावरून परतून येणारं ऊन फार तीव्र असतं, त्या वेळी ओरखडलेल्या काचेतून समोरचं वळण दिसत नाही.

फक्त समोर हातभर भोक पाडून निघायचं नाही. टपावरचा बर्फही काढा. गाडी आतून तापली की तो सुटतो, आणि पहिला ब्रेक मारलात की सगळाच्या सगळा पुढच्या काचेवर येतो. वायपर तो उचलू शकत नाहीत. पुढचे-मागचे दिवे पुसा. नवीन एलईडी दिवे जुन्या बल्बसारखे तापत नाहीत, त्यांच्यावरचा बर्फ आपोआप वितळत नाही. बॉनेट आणि काचेच्या मधली जाळीही मोकळी करा, कारण ब्लोअर हवा तिथूनच ओढतो. ती बुजलेली असली की आतली काच काही केल्या स्वच्छ होत नाही.

आतली वाफ हा आणखी एक त्रास. चार माणसं, ओले बूट, ओल्या टोप्या. हीटर आणि एसी दोन्ही एकदम चालू करा. एसी हवा कोरडी करतो, हीटर गरम करतो. आतली हवा आतच फिरवणारं बटण बंद हवं. इगतपुरीच्या पावसात आपण एसी गार ठेवतो तेव्हा काच बाहेरून धुरकट होते आणि वायपरने साफ होते. बर्फात उलटं, वाफ आतून धरते.

द्राक्षबाग_निफाड

काचेवर बर्फ का धरतो ते आमच्या भागातल्या माणसाला लवकर कळेल. निफाडला पारा उतरतो त्या रात्री बागेत जाऊन बघा. आकाश निरभ्र, वारा पडलेला. हवा तीन-चार अंशांवर असते तरी पहाटे पानावरचं दव गोठलेलं दिसतं. कारण पान आपली उष्णता थेट उघड्या आकाशाला देत राहतं आणि हवेपेक्षा जास्त गार होतं. गाडीची काच पानासारखीच आकाशाकडे तोंड करून असते, तिचंही हेच होतं. म्हणून मोबाइलवर दोन अंश दिसले तरी काच गोठणार नाही असं समजू नका. ढगाळ रात्री त्यामानाने बऱ्या.

त्यावरचा उपाय म्हणजे काचेला आकाश दिसू द्यायचं नाही. पत्र्याची शेड, पोर्च, काहीही चालेल. नसेल तर काच झाका. पण झाकण कोरडं आणि पाणी न शोषणारं हवं. ताडपत्रीचा तुकडा किंवा चकचकीत सनशेड बाहेरून लावून त्याची टोकं दारात चेपा. गोणपाट, चादर, वर्तमानपत्र नको. ते ओलं होतं, काचेला चिकटून गोठतं आणि सकाळी तुकड्या-तुकड्यांनी निघतं. शक्य असेल तर गाडीचं तोंड पूर्वेला करून लावा, सकाळचं पहिलं ऊन काचेवर पडतं. डोंगरात पूर्वेलाच कडा असेल तर त्याचा उपयोग नाही, तेवढं बघून घ्या.

कॉलेजरोड_सारथी

वायपर उचलूनच ठेवावेत. खाली ठेवले तर रबर काचेला चिकटून गोठतं. सकाळी सवयीने कळ दाबली की एकतर रबर फाटतं, नाहीतर फ्यूज जातो.

लाहौलवारी

मी उचलून ठेवायच्या विरुद्ध आहे, निदान सिस्सूला तरी. दरीतला वारा रात्री फार असतो. उचललेला हात वाऱ्याने झटकन खाली आला तर त्याची स्प्रिंग काचेवर हातोडीसारखी बसते. टवका असलेल्या काचेला तर तेवढं पुरतं. शिवाय गाडीवर जड बर्फ पडला तर हातही वाकतो. मी वायपर खाली ठेवतो, पण रबर आणि काच यांच्या मध्ये ताडपत्री येते, म्हणजे रबर काचेला लागतच नाही. निफाडच्या दादांनी सांगितलेलं झाकण आणि हे, एकाच कामात होतं.

अंबडचा_मिस्त्री

दोघांचंही बरोबर आहे, जागेवर अवलंबून. वारा नसेल आणि रात्रीत थोडाच बर्फ असेल तर उचला. वारा असेल तर खाली, मध्ये झाकण. पण दोन्हींपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे संध्याकाळी गाडी बंद करताना आधी वायपरची कळ बंद करा, वायपर जागेवर बसू द्या, मगच चावी फिरवा. कळ चालू ठेवून गाडी बंद केलीत तर सकाळी सुरू करताक्षणी गोठलेले वायपर ओढले जातात. आपोआप चालणारे, पाऊस ओळखणारे वायपर असतील तर ते सेटिंगही बंद करा. फ्यूज जाणं ही स्वस्तातली सुटका. मोटर आणि दोन्ही हात जोडणारी दांडी यांचे दात गेले तर मनालीत तो भाग मिळेपर्यंत बसून राहावं लागेल.

बऱ्याच नव्या गाड्यांत वायपर बॉनेटखाली दडलेले असतात, सरळ उचलले तर बॉनेटचा रंग खरवडतो. त्यांना सर्व्हिसची एक स्थिती असते, गाडीच्या पुस्तकात बघा.

रबराबद्दल. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात रबर कडक होतं आणि पावसाळ्यात आपण तेच चालवून घेतो. बर्फाच्या सहलीला जुनं रबर नेऊ नका. बोटाने कड दुमडून बघा, सरळ परत यायला हवी. बारीक चिरा दिसल्या, कड चपटी राहिली, तर बदला. जुन्या पद्धतीच्या, लोखंडी सांगाड्याच्या ब्लेडच्या सांध्यात बर्फ अडकतो आणि मधला भाग काचेला टेकतच नाही. एकसंध पट्टीवालं ब्लेड घ्या, मापं दोन्ही बाजूंची वेगळी असतात. जुनी जोडी फेकू नका, डिकीत राहू द्या. आणि नवीन ब्लेड लावताना काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवा. नुसता लोखंडी हात हातातून सुटला की नवीकोरी काचही जाते.

पेठरोड_४बाय४

एवढं सगळं कशाला? फोर बाय फोर भाड्याने घ्या, प्रश्न मिटला. चारही चाकं ओढतात.

लाहौलवारी

ओढतात, थांबवत नाहीत. चढ चढायला आणि रुतलेली गाडी काढायला फोर बाय फोर उत्तम. ब्रेक सगळ्याच गाड्यांचे चारही चाकांवर असतात आणि पकड टायरच्या रबराची असते. उलट चढताना पकड असल्यासारखी वाटते, वेग वाढतो, आणि पहिल्या सावलीतल्या वळणावर कळतं.

हिशोब करून बघा. ताशी ३० च्या वेगाने कोरड्या डांबरावर ब्रेक मारल्यावर गाडी पाचेक मीटरमध्ये थांबते. गुळगुळीत बर्फावर पकड साधारण सातवा भाग राहते, म्हणजे तीच गाडी ३५ मीटरला थांबते. तुम्ही ब्रेक दाबायला घेतलेला वेळ यात धरलेला नाही. ३५ मीटर म्हणजे घाटात पूर्ण एक वळण.

सगळ्यात फसवा पांढरा बर्फ नसतो. तो दिसतो आणि त्यावर टायर थोडा रुततो तरी. फसवतो तो पारदर्शक थर. दुपारी वितळलेलं पाणी रस्त्यावर येतं आणि संध्याकाळी गोठतं, रस्ता फक्त ओला दिसतो. पूल, दिवसभर ऊन न लागणारी वळणं, झऱ्याच्या जागा आणि बोगद्याची तोंडं, इथे हमखास. ओळखायची खूण सांगतो. पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाणी उडत असेल तर ते पाणी आहे. रस्ता ओला दिसतोय आणि काहीच उडत नाही, तर तो बर्फ आहे. तुमच्या गाडीच्या टायरचा आवाजही एकदम बंद होतो. अशा वेळी काहीही करायचं नाही. ब्रेक नाही, स्टिअरिंगला झटका नाही, रेस हळूच सोडायची आणि गाडी सरळ वाहू द्यायची.

उतारावर सुरू करण्याआधीच दुसरा गिअर. वाटेत गिअर उतरवायची वेळ आली तर क्लच हळू सोडा, नाहीतर तेवढ्या झटक्याने पुढची चाकं सुटतात. गाडी पुढे घसरतच असेल तर स्टिअरिंग आणखी वळवू नका. थोडं सैल करा, चाकांनी पकड घेतली की मग वळवा. एबीएसने (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी सोय) पॅडल पायाखाली थरथरलं तर पाय काढू नका. आणि दिवसाचं वेळापत्रक दहा ते तीन. सूर्य डोंगरामागे गेला की मुक्कामी.

पेठरोड_४बाय४

ब्रेकचा हिशोब पटला. मी चढाच्याच अंगाने विचार करत होतो.

गंगापूररोडकर

किती उपयोगी लिहिताय सगळे! लाहौलवारी, चेनचं आणि बोगद्याचं सांगाल का? आणि टायरची हवा कमी करायची असंही कुणी म्हणालं.

लाहौलवारी

अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा, ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या वर. लोक समजतात बोगदा झाला म्हणजे प्रश्न सुटला. बोगद्याच्या आत रस्ता कोरडा असतो. धोका आहे तो मनालीच्या वरच्या सोलंगपासून बोगद्याच्या दक्षिण तोंडापर्यंत आणि उत्तर तोंडातून बाहेर पडल्यावर. २०२४ च्या डिसेंबरात ख्रिसमसच्या आसपास याच पट्ट्यात मोठ्या संख्येने गाड्या अडकल्या आणि पोलिसांना रात्री लोकांना काढावं लागलं. तुमची तारीख तीच आहे, हे लक्षात घ्या. बर्फ सुरू झाला की पोलीस सोलंगच्या अलीकडेच थांबवतात, फक्त फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्या सोडतात, कधी कोणालाच नाही. त्यांच्याशी हुज्जत घालू नका. सकाळी कुल्लू आणि लाहौल-स्पीती पोलिसांची त्या दिवसाची सूचना बघूनच निघा.

आई सोबत आहेत म्हणून माझं स्पष्ट मत: मनालीपर्यंत तुमची गाडी, तिथून सिस्सू स्थानिक टॅक्सीने. ते चालक त्या वळणांवर वाढलेत. कुठे थांबायचं, कुठे मागे फिरायचं हे त्यांना कळतं. तुम्हाला चालवायचंच असेल तर सोलंगच्या अलीकडे, उन्हात, रिकाम्या सपाट जागेत हात बसवून घ्या.

चेन मनालीत भाड्याने मिळतात, पण तुमच्या मापाच्या मिळतीलच असं नाही. टायरच्या कडेवर आकडे असतात, २१५/६० आर १६ असे काहीतरी, ते लिहून न्या. चेन तुमच्या गाडीच्या पुढच्या चाकांना, कारण ओढणारी चाकं ती. बसवल्यावर थोडं पुढे जाऊन पुन्हा आवळायची. वेग तीस-चाळीसच्या आत. डांबर उघडं लागलं की काढायची, नाहीतर चेन तुटून चाकाच्या आतल्या ब्रेकच्या नळीवर बसते.

हवा कमी करू नका, ते वाळूसाठी. थंडीने ती स्वतःच उतरते, साधारण दर पाच-सहा अंशांना एक पीएसआय (हवेच्या मीटरवरचा एक आकडा). नाशिकला दुपारी तीस अंशांत ३३ भरलेली हवा मनालीच्या पहाटे खूपच खाली दिसेल. उंचीमुळे मीटरवर दोनेक परत मिळते, तरी कमीच. तिथे सकाळी, गाडी न चालवता, कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणा.

रात्री हँडब्रेक ओढू नका, ओला असला तर गोठून चिकटतो. गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये, आणि चाकामागे दोन दगड.

पंचवटी_ते_मॉन्ट्रियल

टायरबद्दल एक भर. इथे क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. साधारण सात अंशांखाली आपल्या नेहमीच्या टायरचं रबर कडक होतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. भारतात ते सहज मिळत नाहीत, म्हणून तुमच्या बाबतीत वेग आणि अंतर हेच टायर. पुढच्या गाडीपासून इतकं लांब राहा की मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.

सावरकरनगरची_डॉक्टर

काच-वायपरवर भरपूर झालं, मला एका गोष्टीसाठी लिहावंसं वाटलं. रस्ता बंद होऊन तुम्ही गाडीत अडकलात तर हीटरसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका. मागे बर्फ साचून सायलेन्सरचं तोंड बुजलं की धूर गाडीखाली कोंडतो आणि आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं दगावली, कित्येक कुटुंबंच्या कुटुंबं. त्यामागे हेही एक कारण सांगितलं गेलं.

डोकं जड होणं, मळमळ, गळून जाणं, ही त्याची लक्षणं. नेमकी हीच लक्षणं उंचीमुळेही होतात. सिस्सू तीन हजार मीटरच्या वर आहे, त्यामुळे सगळे म्हणतात "उंचीचं असेल" आणि झोपतात. गाडीत एकाहून जास्त जणांना एकदम असं झालं तर आधी दारं उघडा, बाहेर या, मग विचार करा. इंजिन लावायचंच असेल तर सायलेन्सरभोवतीचा बर्फ फावड्याने काढून, वाऱ्याच्या आडोशाची खिडकी बोटभर उघडी ठेवून, थोडा थोडा वेळ. एक जण जागा हवाच.

आईंना रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना उंची सांगून विचारा. पांघरुणं, थर्मास, कोरडं खाणं आणि त्यांची औषधं डिकीत नको, हाताशी हवीत. बर्फात डिकी उघडायला बाहेर पडणं त्यांना जमणार नाही.

जुनंनाशिक_जीजे

अंबाला-दिल्ली पट्ट्यातलं डिसेंबरचं धुकं विसरू नका. बर्फ दोन दिवसांचा, धुकं शेकडो किलोमीटरचं. लो बीम आणि धुक्याचे दिवे. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलात असं वाटतं. पहाटे चारला निघायची आपली सवय तिथे मोडा, नऊ-दहापर्यंत थांबा.

अंबडचा_मिस्त्री

टवक्याचं राहिलं होतं. तसाच नेऊ नका. तुम्हाला बर्फ लागायच्या आधी मालेगाव-धुळे-सेंधवा असा ट्रकांच्या मागचा रस्ता आहे, म्हणजे हादरे आणि आणखी खडी. मग तिथे बाहेरून उणे अंश, आतून हीटर. टवक्यात शिरलेलं पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं आणि चीर पुढे ढकलतं. आज जो टवका आहे त्याची मनालीत हातभर रेघ होईल.

हरभऱ्याच्या डाळीएवढा आणि चालकाच्या थेट नजरेसमोर नसेल, काठापासून चार बोटं आत असेल, तर राळ भरून घेता येतो. आतली हवा आणि ओल ओढून काढतात, राळ भरतात, दिव्याखाली कडक करतात. खूण थोडी राहते, ताकद परत येते. तोवर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवा, धूळ आणि पाणी आत गेलं की राळ नीट धरत नाही. गाडी धुवायलाही देऊ नका.

काचच बदलायची वेळ आली तर विम्याचं बघा. सर्वसमावेशक पॉलिसीत काचेच्या भागावर घसारा कापत नाहीत. सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये, त्यावर २००० रुपये. पण क्लेम केला की क्लेम न केल्याचा बोनस जातो, त्याचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर. छोट्या टवक्यासाठी खिशातून भरणं परवडतं. आणि काच बदलली तर निघायच्या आदल्या दिवशी नको, निदान आठवडाभर आधी. चिकटवलेला मसाला पूर्ण बसू दे. काचेमागे कॅमेरा असलेली गाडी असेल तर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, ते काम सगळ्यांकडे होत नाही, आधी विचारा.

गंगापूररोडकर

टवका काठापासून बराच आत आहे, चिकटपट्टी आत्ताच लावून आलो. सिस्सूला टॅक्सीनेच जायचं आईला सांगितलं, ती लगेच हो म्हणाली. चेन मात्र सोबत हव्यात असं वाटतंय, मनालीच्या खालीही बर्फ झाला तर?

लाहौलवारी

हव्यात. मनालीतल्या हॉटेलांचे चढ अरुंद असतात, रात्रीत बर्फ पडला तर तुमची गाडी त्या शंभर मीटरसाठीच अडते. मापाच्या घेऊन नाशिकलाच पार्किंगमध्ये बसवून बघा. दिवसा दोनदा, आणि एकदा अंधारात, डोक्याला टॉर्च आणि हातात मोजे घालून. मोजे रबरी घ्या, लोकरीचे ओले होतात. चेन चाकाच्या आत पुढच्या नळीला किंवा प्लास्टिकच्या कव्हरला घासते का ते स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. घासत असेल तर इथेच परत करता येईल.

अंबडचा_मिस्त्री

रविवारी सकाळी चेन घेऊनच या. गाडी लिफ्टवर घेऊ, चाक फिरवून बघू, कूलंटचा थेंबही तेव्हाच टाकू. वॉशरची टाकी मात्र घरून रिकामी करून आणा, ते पाणी संपवायला वेळ लागतो.